आधी हेडफोन की आधी स्पीकर? घरच्या रेकॉर्डिंगसाठी मॉनिटर निवडताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: घरी गाणं आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायचं आहे. खोली साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि एक कंडेन्सर माइक आहे. आत्तापर्यंत सगळं मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि गिटारचा तोल जुळवणं, ब्लूटूथ हेडफोनवर झालं. घरी छान वाटलेलं गाणं गाडीत लावलं की घुमतं, फोनवर लावलं की आवाज गिटारखाली दबतो. मॉनिटर म्हणजे काम पारखून ऐकायचे हेडफोन किंवा स्पीकर; दोन्ही एकदम घेणं जमणार नाही, तर आधी काय? स्पीकर पाच इंची की आठ इंची? ‘फ्लॅट’ म्हणजे नेमकं काय? वापरलेली वस्तू घ्यावी का? आणि सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) लागेल का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. आधी वायरचे क्लोज्ड-बॅक (बंद पाठीचे) हेडफोन घ्या. त्यांच्यावर दोन-तीन महिने काम करा. मग पाच इंची स्पीकरची जोडी घ्या आणि तेव्हाच थोडे पैसे खोलीसाठी बाजूला ठेवा. आठ इंचीचा मोह या खोलीत टाळा.

ब्लूटूथचं आधी निकालात काढू. सर्वसाधारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोनशे मिलिसेकंदांत हवेतला आवाज जवळपास 70 मीटर जातो. म्हणजे तुम्ही माइकसमोर गाताय आणि तुमचाच आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून तुमच्याकडे येतोय. ताल धरणं शक्यच नाही. दहा मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की बऱ्याच गायकांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटायला लागतं. म्हणून इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण किंवा खटका असतो, त्यातून आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. त्याशिवाय गाणी ऐकायच्या हेडफोनमध्ये खर्जाकडचा भाग मुद्दाम फुगवलेला असतो. तो फुगवटा ऐकून तुम्ही... खरं तर उलट व्हायला हवं होतं, नाही का? हेडफोनमध्ये बेस जास्त, म्हणजे तुम्ही मिक्समध्ये तो कमी ठेवणार, मग गाडीत गाणं पातळ वाटायला हवं. तुमचं घुमतंय. याचा अर्थ तुमच्या गिटारमध्ये शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास जो गदगद आवाज भरलाय तो तुम्हाला वेगळा ऐकूच येत नाहीये; हेडफोनच्या स्वतःच्या घुमण्यात तो मिसळून जातोय. माइक गिटारच्या भोकासमोर अगदी जवळ ठेवला असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. बाराव्या फ्रेटकडे तीसेक सेंटीमीटरवर माइक नेऊन बघा. हेडफोन बदलण्याआधी हे फुकट करता येतं.

आता हेडफोन. रेकॉर्ड करताना कानावर असणारे हेडफोन आणि मिक्स करतानाचे हेडफोन ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्या खरेदीत पहिलं काम सांभाळावं लागतं. ओपन-बॅक (उघड्या पाठीचे) हेडफोन मिक्सला सुखाचे असतात. आवाज मोकळा येतो, कान कमी थकतात. पण त्यातून जेवढं तुम्हाला ऐकू येतं तेवढंच बाहेरही जातं, आणि बाहेर माइक बसलेला असतो.

हे गळणं किती चिवट असतं ते एका प्रसंगावरून सांगतो. संथ गाणं होतं, गायिकेचा आवाज हळुवार, हेडफोन चांगले बंद पाठीचे. रेकॉर्डिंग करताना काही जाणवलं नाही. नंतर आवाजावर कंप्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी करणारं साधन) लावला, शेवटच्या ओळीचा शेवटचा स्वर विरत गेला, आणि त्या शांततेत स्पष्ट टिक, टिक, टिक. क्लिक ट्रॅक, म्हणजे ताल धरायला गायकाच्या कानात दिलेले ठोके. हेडफोन बंद पाठीचे होते, मग हे आलं कुठून? दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा उभं केलं तेव्हा लक्षात आलं: चष्मा. चष्म्याच्या दांडीमुळे इअरपॅड कानामागे नीट टेकत नव्हता. जेमतेम काडी जाईल एवढी फट होती. तेवढी पुरली. शिवाय त्याच फटीतून तिच्या कानातला बेसही निसटत होता, म्हणून ती सारखी ‘थोडं वाढवा’ म्हणत होती, आणि मी वाढवत होतो, म्हणजे गळणं आणखी वाढवत होतो. चष्मा काढून गायली, प्रश्न मिटला. तेव्हापासून क्लिकसाठी मी टोकदार ‘टक्’ आवाज वापरत नाही. त्याऐवजी जरा बोथट, मधल्या सुराचा आवाज ठेवतो, आणि गाण्याचा शेवट येतो तिथे क्लिक बंद करून टाकतो. एक कान उघडा ठेवून गायची सवय असलेल्यांसाठी तर उघड्या बाजूचा आवाज पॅन करून, म्हणजे दुसऱ्या कानाकडे वळवून, पूर्ण बंदच करावा. तो लोंबता कप म्हणजे माइकपासून वीतभर अंतरावरचा छोटा स्पीकर असतो.

मॉडेलांची नावं विचारली जातातच. सोनीचे एमडीआर-7506 हे 1991 पासून बाजारात आहेत आणि आजही स्टुडिओत खुंटीला लटकलेले दिसतात. वरचा भाग थोडा टोचरा आहे, म्हणून ‘स’ आणि ‘श’ची सिसकारी, तोंडाची चटचट, एडिटिंगमध्ये राहिलेला सांधा लगेच दिसतो, ऐकायला गोड नाहीत, पण चुका पकडायला पक्के. पॅडचं आवरण काही वर्षांत सोलपटतं, ते बदलता येतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम50एक्समध्ये खर्ज जरा भरलेला आहे. त्यावर मिक्स करणाऱ्यांनी ते मनात धरून चालावं. बायरडायनॅमिकचे डीटी 770 प्रो मखमली पॅडमुळे तासन्‌तास घालता येतात, बाहेरचा आवाजही बऱ्यापैकी अडवतात; पण वर एक चरचरीत टोक आहे, त्यामुळे नवखा माणूस मिक्समधला चमकदारपणा नकळत कापत सुटतो. ओपन-बॅकमध्ये सेनहायझरचे एचडी 600 आणि एचडी 650 हे मानवी आवाजाच्या पट्ट्यात फार प्रामाणिक आहेत, फक्त सगळ्यात खालचा खर्ज त्यांच्यात हळूहळू ओसरतो. एकेजीचे के240 अर्धवट उघडे असतात, म्हणजे रेकॉर्डिंगला पूर्ण सुरक्षित नाहीत आणि मिक्सिंगला पूर्ण मोकळेही नाहीत. काहींना नेमकी ही मधली वाट आवडते. मला नाही.

घेताना एक आकडा जरूर बघा: ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो त्याचं माप. डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळत आले आहेत, सेनहायझरची वरची जोडी 300 ओहमची आहे. जास्त ओहमच्या हेडफोनला तेवढाच आवाज काढायला जास्त व्होल्टेज लागतं. यूएसबीवरच चालणाऱ्या छोट्या इंटरफेसचा हेडफोन आउटपुट बऱ्याचदा त्यात कमी पडतो. नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी गायक म्हणतो, ऐकू येत नाही. तुमच्या इंटरफेसला 32 ते 80 ओहमचा हेडफोन सोयीचा. संवेदनशीलतेचा (तेवढ्याच विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा) आकडाही यात भाग घेतो, त्यामुळे निव्वळ ओहमवर निकाल देऊ नका. पण 250 आणि 300 ओहमच्या वाटेला जायचं तर वेगळा हेडफोन अँप्लिफायर हिशेबात धरूनच जा.

‘फ्लॅट’बद्दल बराच गोंधळ आहे, तो सोडवण्यासारखा आहे. स्पीकरच्या बाबतीत अर्थ सरळ: प्रतिध्वनीविरहित खोलीत समोर माइक ठेवून मोजलं तर सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या जोराने यायला हव्यात. हेडफोनच्या बाबतीत हे लागू होत नाही. समोरून येणारा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचताना डोकं, खांदे, कानाची पाळी आणि कानाची नळी त्याला घडवतात; तीन हजार हर्ट्झच्या आसपास तर हा नैसर्गिक उठाव दहा डेसिबलच्याही पुढे जातो. हेडफोन ही सगळी वाट टाळून थेट कानाशी बसतो, म्हणून तो उठाव त्याला स्वतःच तयार करावा लागतो. पडद्याशी मोजून सपाट रेष दाखवणारा हेडफोन ऐकायला मेलेला, पुठ्ठ्यासारखा वाटेल. हरमन या ऑडिओ कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह यांच्या गटाने लोकांना कोणता तोल नैसर्गिक वाटतो ते ऐकवून-विचारून एक लक्ष्यरेषा काढली. हेडफोनचे आलेख आज सर्रास तिच्याशी ताडून दाखवले जातात. तेव्हा आलेख बघताना तो कोणत्या रेषेशी तुलना करून काढलाय ते आधी बघा. आणि खोक्यावर ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ असं छापलं असेल पण पुढे अधिक-उणे किती डेसिबल ते लिहिलेलं नसेल, तर त्या ओळीवरून काहीच कळत नाही.

डोळे कानांना किती फसवतात याचाही दाखला आहे. ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल या संशोधकांनी 1994 मध्ये त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दिसत असताना दिलेले गुण वेगळे, न दिसताना दिलेले वेगळे. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. दुकानात किंवा मित्राकडे दोन जोड्या तुलनेला लावाल तेव्हा निदान दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. एक डेसिबलने मोठी असलेली जोडी ‘जास्त स्पष्ट’ वाटते आणि विक्री त्यावरच होते.

यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध छोटा मॉनिटर म्हणजे यामाहाचा एनएस-10, पांढऱ्या कोनचा (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा). तो 1978 मध्ये घरगुती हायफाय स्पीकर म्हणून आला आणि त्या भूमिकेत फारसा कोणाला आवडला नाही. खर्ज कमी, मधला भाग पुढे आलेला, वरचा इतका तीक्ष्ण की इंजिनिअर मंडळी ट्वीटरवर (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर) टिश्यू पेपर चिकटवायची. कोणता टिश्यू, एक पदर की दोन, यावरही वाद झाले. तरीही 2001 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तो जगभरच्या स्टुडिओंच्या मिक्सरवर बसलेला होता. कारण असं की बंद खोक्यामुळे त्याचा खर्ज थोडा असला तरी चटकन थांबायचा, मागे शेपूट राहायची नाही. आणि मधल्या पट्ट्यात काही बिनसलं असेल तर तो ते तोंडावर फेकायचा. शिवाय एका स्टुडिओतून दुसऱ्यात गेलं तरी तोच चेहरा समोर. म्हणून आज कोणी पांढरा कोन दाखवून ‘तसाच आहे’ म्हणालं तर हसून सोडून द्या. खोकं बंद आहे की पोर्टवालं (हवा जायला भोक असलेलं) आहे ते तरी बघा.

आता खोलीकडे येतो, कारण स्पीकर घेतल्यावर निम्म्याहून अधिक निर्णय खोली करते. माझी पहिली खोली तुमच्याएवढीच, साडेतीन मीटर लांब होती. टेबल एका भिंतीला, खुर्ची बरोबर मध्यावर, कारण तिथे पंखा छान लागायचा. एका गाण्यात बेस गिटारचा एक स्वर दर वेळी पोकळ येत होता, खालचा ‘जी’. बाकीचे स्वर भरलेले आणि हा एकटा जणू कागदी. मी वादकाला सांगितलं, तुझं ते बोट हलकं पडतंय. त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजवताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते. शेवटी मी तो एक स्वर प्रत्येक ठिकाणी हाताने चार-पाच डेसिबल वर उचलला आणि खूश झालो. गाणं दुसरीकडे वाजलं तेव्हा दर चौथ्या मात्रेला कोणीतरी दार आपटतंय असं वाटत होतं.

बोटाचा दोष नव्हता. साडेतीन मीटर लांबीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 343 भागिले 7, म्हणजे 49 हर्ट्झची लाट उभी राहते. भिंतींपाशी ती सगळ्यात मोठी, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. बेस गिटारचा तो ‘जी’ 49 हर्ट्झचाच असतो. माझं डोकं त्या शून्यात होतं. मला त्या स्वराचे फक्त वरचे उपस्वर ऐकू येत होते. खुर्ची अर्धा मीटर पुढे सरकवल्यावर स्वर परत आला. तुमच्या खोलीचं गणितही हेच आहे, तेव्हा खुर्ची मध्यावर ठेवू नका आणि मागच्या भिंतीलाही टेकवू नका. तिथे उलट सगळा खर्ज फुगलेला येतो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर कान, हा ढोबळ पण चांगला आरंभबिंदू आहे. तुमच्याकडे ते 1.33 मीटर होतं. तिथून पुढे-मागे दहा-दहा सेंटीमीटर सरकून ऐका. खर्जातली सुरावट ज्या जागी सगळ्यात समसमान वाटेल तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा.

स्पीकर अरुंद भिंतीपाशी, तोंड लांबीच्या दिशेने. डाव्या आणि उजव्या भिंतीपासून अंतर सारखं. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असेल तर मध्यावर ठेवलेला गायक एका बाजूला झुकलेला ऐकू येईल आणि तुम्ही पॅनचा नॉब फिरवत बसाल. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू साधारण 1.2 मीटर. ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबलावर थेट ठेवले तर टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून मधला पट्टा गढूळ करतो; जमलं तर टेबलामागे स्वतंत्र स्टँड, नाहीतर निदान उंच करून थोडे तिरपे करा.

भिंतीपासून किती लांब? इथे बहुतेक ठिकाणी ‘शक्य तितके लांब’ असं सांगतात आणि छोट्या खोलीत तो सल्ला गोत्यात आणतो. स्पीकरचा खर्ज मागेही पसरतो, स्पीकरमागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि भिंतीचं अंतर ज्या लाटेच्या पाव लांबीएवढं असेल ती लाट उलटी होऊन मूळ आवाजाला खाते. स्पीकरचं तोंड भिंतीपासून एक मीटरवर असेल तर हा खड्डा 86 हर्ट्झपाशी पडतो. गिटारची सगळ्यात खालची तार 82 हर्ट्झची आहे, म्हणजे नेमका तिच्याच जवळ. अर्ध्या मीटरवर असेल तर 171 हर्ट्झपाशी, पुरुषी आवाजाच्या अंगात. तेच स्पीकर भिंतीला जवळ नेले, तोंड भिंतीपासून 30 सेंटीमीटरवर आलं, तर खड्डा 285 हर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि जसजशी फ्रीक्वेन्सी वर जाते तसतसा स्पीकर आवाज पुढेच फेकतो, मागे कमी जातो. खड्डा उथळ होतो. बदल्यात भिंतीमुळे खर्ज वाढतो, पण तो कमी करायला स्पीकरच्या पाठीवर खटका असतो. यामाहाच्या एचएस मालिकेत तो ‘रूम कंट्रोल’ नावाने आहे, 500 हर्ट्झच्या खाली 2 किंवा 4 डेसिबल कमी करतो. म्हणून तुमच्या खोलीत स्पीकर भिंतीजवळ आणि खटका खाली. पाठीला पोर्ट असेल तर त्याला श्वास घेण्यापुरती काही सेंटीमीटर जागा सोडा, एवढंच.

पाच आणि आठ इंचाचं उत्तर यातूनच निघतं. आठ इंची वूफर (खर्जाचा मोठा कोन) चाळीस हर्ट्झच्या खालीपर्यंत जोर लावतो, आणि तो जोर तुमच्या खोलीच्या त्या 49 हर्ट्झच्या लाटेला आणखी खाऊपिऊ घालतो. तुम्हाला जास्त बेस मिळेल, खरा बेस मिळणार नाही. आवाज आणि गिटार हेच काम असेल तर 82 हर्ट्झच्या खाली संगीत असं फारसं नाहीच, पायांचा धप्प आवाज आणि माइकच्या स्टँडला लागलेले धक्के आहेत. पाच इंची वूफर पन्नास-साठ हर्ट्झपर्यंत नीट उतरतो, पुरे आहे.

खोलीवर खर्च करताना दोन-तीन सेंटीमीटरचा टोकदार फोम भिंतभर लावू नका. तो फक्त वरचा भाग शोषतो, खालचा गदगदाट जसाच्या तसा ठेवतो, आणि खोली आधीपेक्षा वाईट वाटायला लागते. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. दगडी लोकर किंवा काचलोकर कापडात गुंडाळलेले दहा सेंटीमीटर जाडीचे पॅनेल: दोन बाजूच्या भिंतींवर, एक छताला, आणि जितके परवडतील तितके कोपऱ्यांत. बाजूच्या भिंतीवर नेमके कुठे, ते आरशाने शोधतात. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवत न्यावा. जिथे स्पीकरचा ट्वीटर दिसेल तिथे पॅनेल. मोजमापाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून खोली मोजता येते, आणि मोजावीच. दुरुस्ती करणाऱ्या सॉफ्टवेअरने खर्जाचे उंचवटे कापता येतात. खड्डे मात्र भरता येत नाहीत: तिथे जेवढा आवाज वाढवाल तेवढाच उलटा होऊन येणारा आवाजही वाढतो, दमतो तो अँप्लिफायर.

स्पीकर येईपर्यंत हेडफोनवर मिक्स करणार असाल तर तीन ठिकाणी हात जपून चालवा. पॅन: हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो, स्पीकरवर तो दोन्ही कानांत जातो, त्यामुळे हेडफोनवर रुंद वाटणारा मिक्स खोलीत अरुंद होतो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली गूंज: त्याची बारीक शेपटीसुद्धा हेडफोनवर ऐकू येते, म्हणून आपण तो कमी टाकतो. आणि मुख्य आवाजाची पातळी, जी तुमच्याकडे फोनवर दबते आहे. त्यावर माझा उपाय असा: मिक्स मोनो करायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, आवाज इतका बारीक करायचा की गाण्यातलं जेमतेम काहीतरी ऐकू यावं, आणि बघायचं की शेवटी काय उरतं. शब्द उरायला हवेत. गिटारचे ठोकेच उरत असतील तर गायक वर घ्या. जुन्या स्टुडिओंत ऑराटोनचा एकाच कोनचा छोटा चौकोनी स्पीकर याच कामाला ठेवत. आज फोन दाराआड ठेवून तेच साधता येतं.

किती मोठ्याने ऐकावं यावर फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच काम करून ठेवलंय: आवाज बारीक असताना कानाला खर्ज आणि वरची टोकं कमी ऐकू येतात, मोठा केला की भरतात. म्हणजे नॉब फिरला की तुमचं मत फिरतं. म्हणून पातळी एकच ठेवा. एवढ्या लहान खोलीत 73 ते 75 डेसिबल पुरतं. फोनवरच्या साध्या मीटरने अंदाज येतो. नॉबवर नखपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, माझ्या इंटरफेसवर तो लाल आहे आणि घरात त्यावरून चेष्टा होते. कानांचा हिशेबही आहेच: 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कामाच्या ठिकाणची रूढ मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 94 ला एकच तास. हेडफोनवर 94 कधी गाठलं ते कळतही नाही.

नवीन जोडी आणली की आठवडाभर काही मिक्स करू नका. पाठ असलेली पाच-सहा गाणी ऐका, त्यांतलं एक तरी निव्वळ आवाज आणि गिटारचं असू द्या. ही गाणी मास्टर झालेली (मिक्सनंतर शेवटचा हात फिरवलेली) असतात म्हणून तुमच्या मिक्सपेक्षा मोठी वाजतात. तुलना करताना ती खाली आणा, नाहीतर दर वेळी आपलंच काम कच्चं वाटेल.

वापरलेलं घ्यायला हरकत नाही. हेडफोनमध्ये पॅड आणि केबल बदलता येतात का ते आधी विचारा. दबलेले पॅड असले की खर्ज उतरतो आणि मूळ आवाज कळतच नाही. बदली पॅड मूळ कंपनीचेच घ्या, जाडी आणि कापड बदललं की हेडफोन बदलतो. स्पीकरच्या बाबतीत मोनो आवाज लावून आळीपाळीने दोन्ही ऐका, चेहरा सारखा हवा. मग 30 पासून 200 हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा एकच सूर वाजवा. कुठे घरघर किंवा खडखड झाली तर कोनभोवतीची किनार फाटलेली असते किंवा खोक्याचा सांधा सुटलेला. मी एकदा हे न करता जोडी उचलून आणली. घरी आल्यावर एका स्पीकरचा ट्वीटर मुका निघाला. दुकानात दोन्ही एकदम वाजत होते, त्यामुळे झाकून गेलं.

इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल घ्या, टीआरएस ते एक्सएलआर किंवा टीआरएस ते टीआरएस (ही टोकांच्या प्लगची नावं). त्याने कॉम्प्युटरची कुरकुर आणि विजेची गुणगुण बरीच जाते. तरीही गुणगुण राहिली तर सगळी उपकरणं एकाच विजेच्या पट्टीवर लावून बघा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गुणगुण जाईल, पण बिघाड झाला तर वीज तुमच्या अंगातून जाईल.

सबवूफर या खोलीत नको. पुढे कधी बेस गिटार किंवा इलेक्ट्रॉनिक ताल आणलात, तर बेसची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झची असते आणि ती पाच इंचीवर जेमतेम जाणवते. तेव्हा तेवढा भाग हेडफोनवर तपासा. तिथे खोली मध्ये येत नाही. चष्मा काढून.